आखाजीची दुसरी घागर

१

पत्र वाचून होताच जीवराम ओट्यावर मटकन खाली बसला. हातातला कागद मांडीवरून घसरून सारवलेल्या जमिनीवर पडला, पण तो उचलायचं भान घरातल्या एकालाही राहिलं नाही. बाप उखर्डू पाटील तोंड उघडं टाकून पोराकडे बघत होता. चुलता नथ्थू अडकित्त्यात सुपारी धरून तसाच उभा. आई शेवंताबाई दाराच्या चौकटीला टेकली होती आणि तिनं तर पत्र वाचायच्या आधीच डोळे मिटून घेतले होते.

शेवटी शेजारचे अभिमननाना उठले. त्यांनी कागद उचलला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि एकेक ओळ मराठीत करून सांगितली.

"सतरा एप्रिलच्या पत्रानं आम्ही तुम्हांला प्रवेश आणि शिष्यवृत्ती देऊ केली होती. पंधरा मेपर्यंत होकार मागितला होता. तो आला नाही, म्हणून तुमची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला द्यायचं ठरतं आहे. तुमची चूक नसताना आमचं पत्र तुम्हांला मिळालं नाही, असा पुरावा असेल तर पंचवीस जूनच्या बैठकीआधी आमच्याकडे पोचवा."

"सतरा एप्रिलना कागद?" उखर्डू ओरडला. "कोनता कागद? कथा शे तो?"

कुठे आहे तो कागद, हे ओट्यावरच्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

सत्तावन्न सालचा जून होता तो, पहिला आठवडा. चोपड्यापासून अडीच कोसांवरच्या पिंपळखेडं गावात त्या वर्षी एकच विषय होता, उखर्डू पाटलाचा पोरगा अमेरिकेला शिकायला जाणार. जीवराम बी. एस्सी. झालेला, धुळ्याच्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. केळीला कीड का लागते, बाग उभ्याउभ्या पिवळी का पडते, हे त्याला शिकायचं होतं आणि शिकून इथंच परत यायचं होतं. विद्यापीठाचं माहितीपुस्तक अख्ख्या गावानं चाळून चाळून मऊ केलं होतं. पंधरा हजार पोरंपोरी. एकेका वर्गात चारशे. विद्यापीठाची स्वतःची शेती, स्वतःच्या गाई, स्वतःचं वीजघर. चाळीस देशांची पोरं येतात म्हणून त्यांच्यासाठी निराळी कचेरी. "म्हंजे चोपड्याचा बाजार, फक्त रोज भरतो," असं नथ्थू म्हणायचा आणि लोक हसायचे.

आता कोणी हसत नव्हतं.

"नाना," जीवराम कसाबसा म्हणाला, "पत्र अमेरिकेतून निघालं. मग गेलं कुठे?"

त्यानं विचारलं ते योग्य माणसाला. अभिमननानांनी तीस वर्षं भुसावळहून निघणाऱ्या डाकगाडीत उभं राहून पत्रं वेगळी केली होती. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी शिकले ते लोकांच्या पत्त्यांवरून. पाकीट बोटांत आलं की ते कोणत्या गावचं, घाईचं की निवांत, लग्नाचं की कोर्टाचं, हे त्यांना वाचायच्या आधी समजे. मयताचं पत्र असलं तर ते गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवायचे आणि कपाळाला हात लावायचे. वरचे साहेब हसायचे. नाना साहेबांना शिव्या घालायचे, तोंडावर.

"विमानाचं पत्र दहा-बारा दिवसांत येतं," नाना म्हणाले. "मुंबईत हरवत नाही, भुसावळला हरवत नाही. मी हरवू दिलं नसतं आणि माझ्यामागून आलेली पोरंही देत नाहीत. हे पत्र या गावात आलंय." त्यांनी ओट्यावरच्या एकेका तोंडाकडे पाहिलं. "आणि या गावातच कोणीतरी त्याचा गळा दाबलाय."

नथ्थूच्या हातातला अडकित्ता खळ्‌कन खाली पडला.

२

गावचं टपाल शाळेतच होतं. सरकारला दोन माणसांचा पगार परवडत नाही, म्हणून मास्तरच पोस्टमास्तर. बन्सीलाल मास्तर सकाळी पाढे म्हणून घेत आणि दुपारी त्याच टेबलावर टपालाची पिशवी सोडत. खादीचे स्वच्छ कपडे, गोड बोलणं. जीवरामला पहिलं 'ग'चं अक्षर त्यांनीच गिरवायला दिलं होतं.

"आलं होतं ना!" मास्तर लगेच म्हणाले. "आखाजीच्या तीन दिवस आधी. पिशवी मीच उघडली, मीच तोतारामच्या हाती दिलं. आणि दुपारच्या यष्टीनं मी जळगावला गेलो, शिक्षकांच्या शिबिराला. परत आलो तो पाटलांकडचं लग्न उरकल्यावर."

पाटलांकडे तेव्हा धाकट्या मंदाचं लग्न होतं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी हळद आणि तिसऱ्या दिवशी लग्न.

"अमेरिकेचं पत्र आहे हे कळलं होतं तुम्हांला?" नानांनी विचारलं.

"कळणारच की."

"मग कोणाला बोलला नाहीत? अख्खं गाव ज्याची वाट बघतंय ते पत्र तुमच्या हातात आलं, आणि तुम्ही गुपचूप यष्टीत जाऊन बसलात?"

"अहो नाना, पाकीट घरी गेलं म्हणजे घरचे फोडणारच. मी काय दवंडी पिटायची?"

नानांनी कोपर टेकायला टेबलावरची बशी बाजूला सरकवली. बशीतल्या पाण्यात चार-पाच तिकिटं भिजत होती. मास्तरांना तिकिटं जमवायचा नाद होता हे पोराटोरांनाही ठाऊक. सिलोनची, आफ्रिकेची, कुठकुठली तिकिटं वहीत चिकटवून ते भूगोल शिकवत. साहेब तपासणीला आले की ती वही दाखवत.

"दवंडी नका पिटू," नाना उठत म्हणाले, "पण घरातून निघताना माणूस शेजाऱ्याला तरी हाक मारतो."

तोताराम पोस्टमन त्यांना मारुतीच्या पारावर सापडला. गुडघ्यांत मान घालून बिडी ओढत होता.

"दिधा ना, नाना. कागद दिधा."

"कोणाच्या हातात?"

"घरमा."

"घराला हात असतात का रे?"

तोतारामनं बिडी विझवली. "ओट्यावर शेवया वाळत होत्या. खाटेवर. तिथं ठेवला."

"हाक मारलीस?"

त्यानं मान पुन्हा गुडघ्यांत घातली.

"तीस वर्षं तू गल्लीच्या तोंडापासून 'कागद शेऽऽ' म्हणून बोंबलत येतोस. म्हशी बुजतात तुझ्यानं. आणि त्या दिवशी लग्नघरात, अमेरिकेचं पत्र घेऊन, मुक्यानं खाटेवर ठेवलंस? तोंडात काय मूग भरले होते?"

"अमेरिकेचा?" तोतारामनं झटकन मान वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नाना, तो कागद... अमेरिकेचा होता?"

आणि पुढं एक अक्षर न बोलता तो पिशवी उचलून, चपला पारावरच टाकून, तरातरा निघून गेला.

३

गावानं मात्र चोर ठरवून टाकला होता. नथ्थू. होळीच्या दिवशी भर चौकात तो बोलला होता, "अमेरिकाना कागद उना तर मी चुल्हामा घालसू! पोरगा गया तर केळी कोन पाही?" शंभर माणसांनी ऐकलं होतं.

"बोललो," नथ्थू नानांना म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "बोललो, कारण तो गेल्यावर मला करमणार नाही. खांद्यावर वाढवला मी त्याला. असं बोलता येत नाही ना माणसाला, मग चुलीत घालीन म्हणायचं. नाना, मी चोर नाही."

"गाढव आहेस," नाना म्हणाले. "चोर आहेस का ते बघू."

त्याची बायको तानुबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. नवऱ्यावर आळ आला म्हणून तिच्या थापण्याला दुप्पट जोर आला होता.

"माझ्या धन्याला चोर म्हणता? त्या लग्नात राबलं कोण ते विचारा आधी! बठ्ठं काम मी करं, नाना, बठ्ठं! मोठ्या जाऊबाई आयत्या वेळी आडव्या."

"आडव्या म्हणजे?"

"ताप म्हणे. आखाजीच्या आधी तीन दिवस. शेवया करत होतो आम्ही बायका, चांगल्या हसतखेळत. दुपारी एकदम उठल्या, न्हाणीत गेल्या आणि लुगड्यासकट डोक्यावरून गार पाणी! भर दुपारी. मग येईल नाही तर काय ताप? तीन दिवस कोपऱ्यात पडून. चुलीला हात नाही, देवाला हात नाही, देवापुढचा दिवासुद्धा मी लावला. आणि आखाजीच्या दिवशी झाला बरा ताप. घागर भरायला बरोबर उठल्या!"

"अंग तापलं होतं का गं? तू हात लावून पाहिलास?"

"लावू देतील तर ना! 'शिवू नको माले,' म्हणे. जशी मी महारोगी." तिनं भाकरी तव्यावर आपटली. "आणि त्यांचं माहेर तरी बघा. सख्खा मामा असून पोरीच्या लग्नाला आला नाही. तो सुरतेचा लीलाधर, गिरणीतला. होळीला दवाखान्यात होता म्हणे, मग आखाजीला काय झालं होतं? मामा म्हणून पोरीमागे उभं राहायला आम्हांला चुलतमामा शोधावा लागला."

नाना हात धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले. गोठ्याच्या पल्याड, रचलेल्या गोवऱ्यांमागं, कोणाची नजर जाणार नाही अशा जागी त्यांना एक मातीची घागर दिसली. तोंडावर लोटा आणि लोट्यावर खरबूज. खरबूज सुकून काळं पडलं होतं, मुंग्या त्याला पोखरून कधीच निघून गेल्या होत्या.

नाना बराच वेळ उकिडवे बसून त्या घागरीकडे बघत राहिले. आखाजीला खानदेशात घरोघर पितरांसाठी घागर भरतात. पाटलांच्या घरात उखर्डूच्या बापाच्या नावाची एक घागर भरत, घरातल्या पाणोठ्याशी, पाण्याच्या माठांजवळ, सगळ्यांसमोर. दरवर्षी एकच. नानांनी वीस वर्षं त्या दिवशी तिथं सांजोऱ्या खाल्ल्या होत्या.

मग ही दुसरी कोणाची?

त्यांनी वर पाहिलं. मागच्या दारात शेवंताबाई उभी होती. नानांची नजर घागरीवर आहे हे दिसताच तिनं दोन्ही हात जोडले. आणि वळून ती आत निघून गेली.

४

पत्रासोबतच्या यादीत ज्याचं नाव पुढचं होतं, तो उमेदवारही धुळ्याच्याच कॉलेजातला निघाला. वना देवरे, जीवरामच्या शेजारच्या टेबलावरचा. दुसऱ्या दिवशी नाना आणि जीवराम पहिल्या यष्टीनं निघाले आणि धूळ खात धुळ्याला उतरले. यादीतल्या माणसाचं नाव कळल्यापासून जीवरामच्या मुठी वळलेल्याच होत्या.

देवरे खोलीत मोड आलेले मूग खात बसला होता. जीवरामला बघताच तो उठला.

"तू नाही म्हणालास ना? मला वाटलं, घरचे सोडत नसतील."

"पत्रच मिळालं नाही मला!"

देवऱ्याच्या हातातला चमचा थांबला. त्याला खरंच धक्का बसला होता. असा धक्का आणता येत नाही.

"एप्रिल-मे कुठं होतास?" नानांनी विचारलं.

"इथंच. प्रॅक्टिकलच्या परीक्षा. विचारा प्रिन्सिपलांना. आणि हे बघा आजोबा, स्वच्छ सांगतो. पुरावा मिळाला तर मी आडवा येणार नाही. नाही मिळाला तर मी जाणार. माझा बाप साक्रीला मेंढरं राखतो. मलाही परत अशी संधी येणार नाही."

"बरोबर बोललास," नाना म्हणाले. "तुला त्यांचं पत्र कसं आलं, दाखव बरं."

देवऱ्यानं ट्रंकेतून पाकीट काढलं. जाड पांढरं पाकीट, कडेला लाल-निळे पट्टे. उजव्या कोपऱ्यात ऐसपैस निळं तिकीट, त्यावर गोल काळी छाप. नानांनी ते हातात धरून खालीवर केलं, उलटं केलं. मागच्या बाजूला धुळ्याच्या टपालकचेरीची तारीख उमटलेली. पत्र पोचलं की ज्या त्या कचेरीनं मागं आपली छाप मारायची, हा नियम.

सवयीनं नानांचा अंगठा पुढच्या तिकिटावर गेला. तिकीट झाकलं गेलं. तो सगळा कोपरा झाकला गेला.

नानांचा हात तिथंच थांबला.

"अरे माझ्या देवा," ते हळूच म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, आणि त्यापुढं जे म्हणाले ते छापता येत नाही.

"काय झालं नाना? कोणी चोरलं?"

"चल. जळगाव स्टेशन गाठू."

जळगावला सुरतेहून येणाऱ्या गाडीच्या डाकडब्यात नानांच्या हाताखाली शिकलेला एक सॉर्टर होता. नानांनी त्याला फलाटावर गाठून कानात काही सांगितलं. जीवरामला एवढंच ऐकू आलं, "उधन्याची गिरणी... जित्ता असेल तर धरून आण. मेला असेल तर तार कर."

"नाना," जीवराम म्हणाला, "पत्र अमेरिकेचं. तुम्ही सुरतेत काय शोधताय?"

"एक मयत," नाना म्हणाले.

५

चौथ्या दिवशी संध्याकाळी नानांनी सगळ्यांना पाटलांच्या ओट्यावर बसवलं. उखर्डू, नथ्थू, तानुबाई. तोतारामला दोघांनी दंडाला धरून आणला. बन्सीलाल मास्तर आपल्या पायांनी आले, नानांनी सांगितल्याप्रमाणे तिकिटांची वही काखेत घेऊन. दाराआड शेवंताबाई.

"आधी तोताराम," नाना म्हणाले. "तू हाक का नाही मारलीस ते मी सांगू की तू सांगतोस?"

तोताराम ढसाढसा रडायलाच लागला. "नाना, त्या पाकिटाले कोपरा नव्हता! कापेल होता. वरलं इंग्रजी माले येत नही. लग्नघर. मांडव पडेल. असा कागद कोन हातमा दी? मी ठेवला आन पळालो. कोन गयं, काय गयं, मी इचारंच नही!"

उखर्डूनं नकळत कपाळाला हात लावला.

खानदेशात काय आणि घाटावर काय, ही रीत कोणाला सांगावी लागत नाही. माणूस गेला की कळवायच्या पत्राचा कोपरा फाडायचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हातात घेताक्षणी कळावं म्हणून. आणि ते पत्र घरात ठेवायचं नसतं, फाडून टाकायचं असतं, अंघोळ करायची असते.

"तिकीट कोपऱ्यात," नाना म्हणाले. "आता मास्तर, वही उघडा."

"नाना, हे काय..."

"उघडा!"

वही उघडावी लागली नाही. मास्तरांच्या हातून ती सुटली आणि आपोआप उघडली. मधल्या पानात, चिकटवायचा राहिलेला, कात्रीनं सरळ कापलेला पाकिटाचा कोपरा होता. निळं ऐसपैस तिकीट. गोल काळी छाप.

"बाकीची बशीत भिजवून सोडवलीत. हे का नाही भिजवलंत?"

"छाप..." मास्तर वही उचलायला वाकले. "छाप फार सुरेख उमटली होती. पाण्यानं गेली असती. नाना, मी फक्त कोपरा कापला. आतल्या पत्राला धक्कासुद्धा लावला नाही. एक तिकीट! वापरलेलं! त्याची किंमत ती काय?"

"किंमत विचारतो!" नाना उसळले. "अरे, साहेबाला वही दाखवून शाबासकी घ्यायला तू दुसऱ्याच्या पत्राला कात्री लावलीस. गावात जन्म गेला तुझा. कोपरा कापलेल्या कागदाचा अर्थ तुला ठाऊक नव्हता?"

मास्तर खाली बघत होते. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण... इंग्रजी पत्त्याचं पाकीट होतं. त्याला कोणी तसं समजेल, असं डोक्यातच आलं नाही."

"नाही येणार. कारण ज्यांना वाचता येत नाही ती माणसं तुझ्या डोक्यात कधी नव्हतीच."

जीवराम उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. "पण नाना, कोपरा कापला तरी पत्र घरात आलं ना? खाटेवर आलं. मग पुढे?"

नाना दाराकडे बघत राहिले. मग एकेक करून सगळेच दाराकडे बघायला लागले.

६

शेवंताबाई बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि ओट्याच्या कडेला उभी राहिली, जशी कोर्टात उभी.

"मी फाडं," ती म्हणाली.

"आई?"

"मी फाडं, आन नालामा सोडी दिधं. खाटवर दिसना. कोपरा नही. माले वाटनं, मन्हा लीलाधर गया. होळीपासून दवाखान्यात होता. दुसरं कोन शे मन्हं कागद धाडणारं? वाचायला दिला असता तर बठ्ठा गावले कळतं. सुतक. मन्हे तीनच दिवस, पन दहाव्याआधी लग्न कोन लावू देतं? मांडव मोडला असता, मंदाची हळद राहिली असती. मी म्हटलं, जोवर कोन वाचत नही तोवर सुतक मन्हं एकलीनं. डोक्यावरून पाणी घेतलं. तीन दिवस देवाले शिवले नही, चुलीले शिवले नही. आखाजीले भावाची घागर भरली, लपून."

तानुबाईनं तोंडावर हात दाबून धरला. तिला आता ते 'शिवू नको' आठवलं असणार.

"लग्नानंतर तरी बोलायचं होतंस," उखर्डू म्हणाला.

"काय बोलू? सुतकात लग्न लावलं म्हणून मंदाले तिच्या सासरचे आणून टाकतील, तर? मीच पाप केलं. दीड महिना मी भावाले रडले, माठात तोंड घालून, कोनले ऐकू नको म्हणून."

जीवराम पुढं झाला. पत्र गेलं, जागा गेली, पाच वर्षांची मेहनत गेली, आणि समोर आई. त्याच्या तोंडून एकच निघालं, "मला तरी दाखवायचं होतंस, आई. मी आलो होतो ना लग्नाला. मी वाचलं असतं."

शेवंताबाईनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, आणि म्हणूनच ते सोसवेना.

"बेटा, तू इतली बुकं वाची. मन्हासाठे कधी काय वाची दखाडं? तुले कागद दाखवायचा असतो, हे माले कसं कळावं?"

पंधरा हजारांच्या विद्यापीठात जाणाऱ्या पोराच्या घरात आईला चार अक्षरं द्यायची कोणाला सवड झाली नव्हती. बन्सीलाल मास्तरांची शाळा पाटलांच्या दारापासून शंभर पावलांवर होती.

"वहिनी," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "नीट ऐक. तो कागद मयताचा नव्हताच. जीवरामचा होता, अमेरिकेचा. कोपरा या शहाण्यानं कापला, तिकिटासाठी. कोणी मेलं नव्हतं."

शेवंताबाई ऐकत होती. हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. अमेरिका, जागा, तिकीट, त्यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं. एकच पोचलं होतं.

"मंग... मन्हा लीलाधर जित्ता शे?"

नानांनी अंगणाकडे बघून हाक मारली. लिंबाच्या झाडामागून एक वाळलेला, खोकणारा माणूस पुढं आला, हातात पत्र्याची पेटी.

"अक्का," तो म्हणाला, "कावीळ होती. डॉक्टरनं सोडला नाही लग्नाला. रागावलीस का?"

शेवंताबाई ओट्यावरून उतरली नाही, पडली. पडत पडतच तिनं त्याला धरला. आणि ज्या दीड महिन्यात ती माठात तोंड घालून रडली होती, तो सगळा तिनं भर गल्लीत, मोठ्यानं, हसत हसत बाहेर काढला. ती भावाच्या तोंडावरून हात फिरवत होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "देखा, जित्ता शे! जित्ता शे!"

तिच्या हातांनी ज्याचं नशीब नाल्यात सोडलं होतं तो पोरगा ओट्यावर उभा राहून हे बघत होता. नाना त्याच्याकडे बघत होते. जीवरामच्या वळलेल्या मुठी सुटल्या. तो खाली उतरला आणि मामाच्या पाया पडला.

७

मग नाना मास्तरांकडे वळले.

"तो कोपरा उलटा करा."

कोपरा कापताना पाकिटाचे दोन्ही पदर कापले गेले होते. मागच्या पदरावर पिंपळखेडं टपालकचेरीची अर्धी छाप होती. एकोणतीस एप्रिल. पुढं अमेरिकेची, मागं गावची.

"हा पुरावा," नाना म्हणाले. "पत्र गावात आलं आणि सरकारी टेबलावर कापलं गेलं. आता तुम्ही लिहून द्यायचं, कोणी कापलं आणि का."

"नोकरी जाईल, नाना."

"जाईल."

मास्तरांनी जीवरामकडे पाहिलं. ज्याला अक्षर गिरवायला दिलं होतं तो पोरगा त्यांच्याकडे बघत नव्हता. मग मास्तरांनी पेन मागितलं. लिहिलं, खाली सही केली, आणि वही तिथंच टाकून घरी गेले. त्या माणसाबद्दल मी याहून चांगलं लिहू शकत नाही, पण एवढं लिहिलंच पाहिजे.

जीवरामनं त्या रात्री इंग्रजीत चार पानं लिहिली. आमच्याकडे कोपरा नसलेला कागद म्हणजे काय, हे त्या चाळीस देशांच्या कचेरीला समजावून सांगायला चार पानं लागली. आईनं पत्र फाडलं हे त्यानं झाकलं नाही आणि का फाडलं हेही. लिहून झाल्यावर त्यानं ते सगळं मराठीत करून आईला वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. सकाळी नाना स्वतः जळगावला गेले आणि पाकीट डाकगाडीत आपल्या हातानं टाकून आले.

सव्वीस जूनला दुपारी तोताराम गल्लीत शिरला. पिशवी नाही, सायकल नाही, हातात तार.

तार म्हणजे काय, हेही गावात कोणाला सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या बायकांनी कळश्या ठेवल्या. तानुबाईनं पदर तोंडाला लावला. कोणीतरी गळा काढला, "अरे मन्हा देवा रे..." उखर्डू खाटेवरून उठता उठता पुन्हा बसला.

शेवंताबाई पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आली. तिनं तोतारामच्या हातातली तार घेतली. चारी कोपरे बोटांनी चाचपले. आणि गल्लीकडे वळून अशी ओरडली की म्हशी बुजल्या.

"चूप बठ्ठ्या! कोनी रडायचं नही. पह्यले वाचा!"

जीवरामनं तार घेतली. त्याला वाचवेना. नानांनी चष्मा नाकावर ओढला.

"जागा तुमचीच. सप्टेंबरात या. आईंना नमस्कार."

शेवंताबाई तशीच उभी होती. तारेवर तिच्या पिठाच्या बोटांचे ठसे उमटले होते.

"नाना," ती म्हणाली, "आखो एकडाव वाचा."